स्टेला: एकट्याने फळणारे गोड चेरीचे झाड

२०१४ च्या एप्रिलमध्ये मी घरामागच्या उतारावर गोड चेरीचे एक कलम लावले आणि त्याचे छायाचित्र निफाडला अण्णांना पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. खड्डा किती खोल घेतला, माती कशी आहे, पाण्याची सोय काय, यांतले काहीही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला, "एकच का लावलंस? याला जोडीदार लागतो ना?" द्राक्षबागायतदारांच्या एका अभ्यासदौऱ्यात ते पूर्वी हिमाचलला गेले होते आणि तिथल्या बागेत चेरीच्या ओळींमध्ये मुद्दाम दुसऱ्या वाणाची झाडे लावलेली त्यांनी पाहिली होती. त्यांची शंका अगदी रास्त होती. गोड चेरीच्या बहुतेक सगळ्या जुन्या वाणांना परागासाठी दुसरे झाड लागते. मी लावलेले वाण मात्र स्टेला होते, आणि गोड चेरीत एकट्याने फळणारे, लागवडीसाठी नाव देऊन प्रसारित केलेले पहिले वाण म्हणून ते ओळखले जाते. ते जिथे निर्माण झाले ते समरलँडचे संशोधन केंद्र कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आमच्या पेंटिक्टन गावापासून उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटरवर, त्याच ओकानागन सरोवराच्या काठी आहे. अण्णांना त्या दिवशी फोनवर जे अर्धवट सांगितले ते इथे नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला परागीकरणाची अडचण नवी नाही. पपईत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असू शकते, त्यामुळे एकटी मादी निष्फळ का राहते हे लगेच समजते. सीताफळाच्या फुलात दोन्ही अवयव असतात, पण कुक्षी, म्हणजे पराग घेणारे टोक, आधी तयार होते आणि परागकण नंतर सुटतात. ही वेळेची चुकामूक टाळण्यासाठी सीताफळाचे बागायतदार हाताने परागीकरण करतात. चेरीची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. तिच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, परागकण जिवंत असतात, कुक्षीवर पडले तर रुजतातही. परंतु परागनलिका कुक्षीवृंतातून अंडाशयाकडे निघाली की वाटेतच तिची वाढ थांबते, कारण फूल आपल्या स्वतःच्या परागाला ओळखते आणि नाकारते. या ओळखीची खूण एका जनुकस्थानावर असते, ज्याला शास्त्रज्ञ एस हे अक्षर देतात आणि त्याच्या निरनिराळ्या रूपांना क्रमांक देतात. प्रत्येक झाडाकडे अशी दोन रूपे असतात, परागकणात त्यांपैकी एकच उतरते, आणि परागकणाचा क्रमांक स्त्रीकेसराच्या दोनपैकी कोणत्याही क्रमांकाशी जुळला तर तो पराग बाद होतो.

यातून एक विचित्र परिणाम निघतो, आणि तो ठाऊक नसल्यामुळे हौशी लोकांची वर्षे वाया जातात. बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन ही तिन्ही नावाजलेली जुनी वाणे, रंगरूपाने एकमेकांहून वेगळी, पण तिघांचेही क्रमांक तीन आणि चार हेच आहेत. म्हणजे बिंगच्या शेजारी लॅम्बर्ट लावले तरी परागाच्या दृष्टीने ते बिंगच्या शेजारी बिंगच लावल्यासारखे असते. आमच्या शेजारच्या आजोबांच्या अंगणात नेमकी हीच जोडी होती. एका रोपवाटिकेतून त्यांनी "दोन वेगवेगळी वाणे घ्या म्हणजे झाले" या सल्ल्यावर ती विकत घेतली होती. आमची वस्ती डोंगरउतारावर, बागांपासून बरीच दूर, आणि आसपास दुसरी चेरी नाही. त्यामुळे दर वसंतात ती दोन झाडे पांढरीशुभ्र होत आणि महिनाभरात हिरवे बारीक दाणे पिवळे पडून गळून जात. आजोबांनी खते बदलली, पाणी बदलले, एकदा तर झाड काढून टाकायचे ठरवले. २०१७ साली माझ्या स्टेलाला पहिल्यांदा चांगला बहर आला आणि त्याच जुलैमध्ये आजोबांच्या बिंगला दोन बादल्या फळे लागली. स्टेलाच्या परागापैकी निम्मा पराग तीन क्रमांकाचा, म्हणजे बिंगसाठी निरुपयोगीच. पण उरलेला निम्मा असा आहे की कोणत्याही गोड चेरीचे फूल त्याला अडवू शकत नाही. फुलण्याचा काळ जुळत असेल तर स्टेला शेजारच्या कोणत्याही वाणासाठी परागदाता होऊ शकते, ती याच कारणाने. आजोबांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ त्या झाडाकडे बघत उभे राहिले.

हा न अडणारा पराग आला कुठून, हा सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. इंग्लंडमधल्या जॉन इनिस संस्थेत चेरीच्या या स्वनाकाराचा अभ्यास दीर्घकाळ चालू होता. तिथे डॅन लुईस या आनुवंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात कळ्यांवर क्ष-किरण सोडून परागात बदल घडवण्याचे प्रयोग केले. क्ष-किरणांनी होणारे बदल आंधळे असतात. लाखो परागकणांत एखाद्याच कणात नेमका हवा तो बदल होणार, आणि तो कण शोधणे माणसाच्या डोळ्यांना अशक्य. परंतु इथे शोधण्याचे काम फुलानेच केले. किरण दिलेला पराग त्याच क्रमांकांच्या फुलावर टाकला की न बदललेला प्रत्येक कण वाटेत अडतो आणि ओळख हरवलेला एखादाच पार जातो. म्हणून अशा संकरातून जे थोडेसे फळ धरते त्यातल्या बीमध्ये हवा तो बदल असण्याची शक्यता मोठी असते. ज्या कुलपामुळे अडचण होती त्याच कुलपाचा चाळणी म्हणून उपयोग करून घेण्याची ही युक्ती मला विज्ञानातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते.

त्या रोपांपैकी एकाला फक्त क्रमांक होता, नाव नव्हते: जे आय २४२०. हे रोप बागेत लावून विकण्यासाठी नव्हते, पुढच्या संकरासाठी जपलेला तो केवळ एक दुवा होता. समरलँडमध्ये मूळचे लॅटव्हियाचे असलेले कार्लिस लापिन्स यांनी लॅम्बर्टशी त्याचा संकर केला आणि त्या रोपांतून निवडलेले झाड १९६८ मध्ये स्टेला या नावाने प्रसारित झाले. न अडणाऱ्या त्या परागातल्या चार क्रमांकाच्या जनुकात नेमके काय बिघडले आहे याचा उलगडा व्हायला मात्र २००४ साल उजाडावे लागले. स्त्रीकेसरात एक विकर (एन्झाइम) असते, जे परागनलिकेत शिरून तिची वाढ रोखते; परागकणाकडे आपली खूण सांगणारे एक प्रथिन असते. स्टेलाच्या त्या परागात या प्रथिनाच्या जनुकातील चार अक्षरे गळून पडली आहेत, त्यामुळे पुढचा सगळा मजकूर चुकतो, प्रथिन अपुरे बनते आणि फुलाला परका की आपला हे कळत नाही. डीएनएमधली केवळ चार अक्षरे, आणि त्यांवर आजच्या चेरीच्या व्यापाराचा मोठा भाग उभा आहे. स्टेला आणि व्हॅन या दुसऱ्या वाणाच्या संकरातून लापिन्स हे वाण निघाले, ज्याला त्याच संशोधकाचे नाव दिले गेले. सनबर्स्ट आणि न्यूस्टार हीही त्याच जोडीची अपत्ये, आणि न्यूस्टारचा पुन्हा व्हॅनशी संकर होऊन स्वीटहार्ट आले. स्वीटहार्ट उशिरा पिकते, म्हणून तिच्यामुळे इथला हंगाम ऑगस्टमध्ये लांबला. व्यापारी बागांतून आज स्टेला जवळपास दिसेनाशी झाली आहे, कारण तिच्या मुली आणि नाती तिच्याहून कडक, मोठी आणि वाहतुकीला टिकाऊ फळे देतात. घरच्या बागेत मात्र ती अजूनही पहिल्या पसंतीची आहे आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण अंगणातल्या फळाला हजार किलोमीटरचा प्रवास करायचा नसतो आणि स्टेलाचा मऊ, रसाळ, गडद गर झाडाखाली उभे राहून खाण्यासाठीच आहे.

आता झाडाच्या सवयींविषयी. स्टेला जोमदार वाढते आणि सरळ वर वाढते. मोकळे सोडले तर तिच्या फांद्या झाडूसारख्या एकमेकींना चिकटून आकाशाकडे जातात, मध्ये अंधार होतो आणि फळे शिडीच्याही पलीकडे लागतात. म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांत कोवळ्या फांद्या वजन लावून किंवा दोरीने ताणून आडव्या कराव्या लागतात. मी यासाठी वाळू भरलेल्या लहान पिशव्या वापरल्या. आडव्या फांदीवर आखूड फळफांद्या लवकर तयार होतात, आणि चेरीचे फळ मुख्यतः त्यांवरच येते. झाड कोणत्या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी घेतलेल्या कोणत्या रोपावर, बांधले आहे यालाही फार महत्त्व आहे. जंगली चेरीच्या रोपाचा खुंट असेल तर झाड सात-आठ मीटरांपर्यंत सहज जाते. जर्मनीत तयार झालेल्या गिसेला ५ या खुंटावर ते निम्म्याच्या आसपास राहते आणि लवकर फळते. माझे कलम गिसेलावरचे आहे. त्यात एक धोका आहे, जो मला उशिरा कळला. एकट्याने फळणारे वाण आणि लवकर फळवणारा खुंट एकत्र आले की झाड स्वतःच्या ताकदीपेक्षा जास्त फळ धरते. सहाव्या वर्षी माझ्या झाडावर पानांपेक्षा फळेच अधिक दिसत होती. मला त्याचा आनंद झाला, पण फळे वाटाण्याहून थोडीशीच मोठी आणि पाणचट निघाली. द्राक्षाच्या वेलीवर किती घड ठेवायचे हे ज्या घरात दर वर्षी मोजून ठरवले जाते, त्या घरातल्या मुलीने ही चूक करायला नको होती. तेव्हापासून मी हिवाळ्याच्या अखेरीस जुन्या फळफांद्यांची विरळणी करते.

स्वफलित या शब्दाबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याविषयी थोडे थांबून लिहिणे आवश्यक वाटते. जोडीदार लागत नाही म्हणजे मधमाशी लागत नाही, असे नाही. चेरीचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने तो जात नाही. फुलातल्या फुलात किंवा एका फुलावरून त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलावर तो नेण्यासाठी कीटक हवेतच. बहराच्या दिवसांत तापमान दहा अंशांच्या खाली राहिले, सतत पाऊस पडला किंवा सोसाट्याचा वारा सुटला, तर मधमाश्या पोळ्यातून बाहेर पडत नाहीत आणि स्टेलाही रिकामी राहते. दहिवराचा मार तर कोणत्याही वाणाला सारखाच बसतो. फूल पूर्ण उमललेले असताना उणे सव्वादोन अंशांच्या आसपास सुमारे दहा टक्के फुले मरतात आणि उणे चारच्या जवळ गेल्यावर नव्वद टक्के. या दोन आकड्यांमध्ये अंतर केवळ पावणेदोन अंशांचे आहे, त्यामुळे एप्रिलच्या स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री इथले बागायतदार झोपत नाहीत. निफाडला थंडीच्या कडाक्यात द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात, त्याची मला अशा रात्री हटकून आठवण येते.

थंडी वाईट तशीच अत्यावश्यकही. नातेवाइकांपैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा विचारले आहे की नाशिकला थंडी पडते, निफाडचा पारा तर राज्यात सर्वांत खाली जातो, मग चेरी का होणार नाही. चेरीच्या कळीला हिवाळी झोप पूर्ण करण्यासाठी साधारण सात अंशांच्या खालचे काही शे तास लागतात. स्टेलासाठी हा आकडा सातशेच्या आसपास धरतात. निफाडला पहाटे पारा एक आकडी होतो हे खरे, पण दुपारी तो पंचवीसच्या पुढे जातो आणि रात्री जमा झालेली थंडी दुपारचे ऊन पुसून टाकते. थंडी अपुरी पडली की कळ्या एकसारख्या फुटत नाहीत, फुले तुरळक आणि पांगून येतात, फळ धरत नाही. महाबळेश्वरची हवाही यासाठी पुरेशी नाही. भारतात चेरी काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या उंच भागातच होते, आणि हिमाचलमध्ये स्टेलाही लावतात. महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत "चेरी" म्हणून मिळणारे आंबट लाल फळाचे झुडूप बहुधा बार्बाडोस चेरी असते, जिचा या कुळाशी संबंध नाही, आणि केकवरची लाल गोड "चेरी" पुष्कळदा पाकात मुरवलेले करवंद असते. करवंद माझे आवडते फळ आहे, म्हणून त्याला परक्या नावाने विकलेले पाहून मला वाईट वाटते.

फळ तयार होत आले की पावसाची भीती सुरू होते. ओकानागन खोरे कोरडे आहे, वर्षभरात जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस होतो, पण त्यातला एखादा जोराचा जून-जुलैमध्ये येतो आणि तेवढाच पुरतो. पिकत्या चेरीत साखर भरलेली असते, पावसाचे पाणी देठाजवळच्या खळगीत साचते, सालीतून आत शिरते, आणि फुगणाऱ्या गराला साल पुरी न पडून फळ तडकते. स्टेलाची हीच मोठी दुबळी बाजू आहे. मोठ्या बागांचे मालक पाऊस थांबताच हेलिकॉप्टर बोलावून झाडांच्या माथ्यावरून उडवतात, म्हणजे पंखांच्या वाऱ्याने पाणी झटकले जाते. जुलैच्या पहाटे हा आवाज ऐकू आला की कोणाच्या तरी वर्षभराच्या कमाईचा प्रश्न आहे हे समजते. अवकाळी पावसात मणी तडकलेली द्राक्षे मी लहानपणी पाहिली आहेत आणि त्या दिवशी घरातली शांतता कशी असते हेही मला माहीत आहे. अंगणातल्या एका झाडासाठी मी फांद्या हाताने हलवते आणि वर जाळी असल्यास तीही झटकते. जाळी घालावीच लागते, कारण साळुंकीची चुलत बहीण शोभावी अशी स्टारलिंग थव्याने येते आणि एका सकाळीत झाड संपवते.

पाखरांहून चिवट शत्रू म्हणजे ठिपकेदार पंखांची फळमाशी. ती २००९ मध्ये या प्रांतात आढळली. साध्या फळमाशा सडलेल्या फळाकडे जातात. हिची मादी मात्र करवतीसारख्या अवयवाने चांगल्या, पिकू लागलेल्या फळाची साल चिरून आत अंडी घालते. याला माझ्याकडे एकच प्रामाणिक उपाय आहे: फळ पिकताच उतरवणे, झाडावर एकही न ठेवणे, खाली पडलेले प्रत्येक फळ वेचून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात तापवणे. उतरवलेली फळे लगेच शीतकपाटात ठेवली तर अंडी असली तरी पुढे वाढत नाहीत.

२०२१ च्या जूनअखेरीस आलेल्या उष्णतेच्या लाटेत आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला आणि झाडाच्या पश्चिम बाजूची फळे देठावरच शिजून सुरकुतली. त्याहून मोठा घाव २०२४ च्या जानेवारीत बसला. त्या हिवाळ्याचा आधीचा भाग उबदार गेला होता, झाडांनी पुरेशी थंडी अंगात मुरवली नव्हती, आणि अचानक पारा उणे वीसच्या बराच खाली उतरला. फेब्रुवारीत मी एक काडी घरात आणून ब्लेडने कळ्या आडव्या कापल्या. जिवंत कळीचा गाभा हिरवा असतो, माझ्या तीस कळ्यांपैकी सव्वीस आतून तपकिरी होत्या. त्या उन्हाळ्यात झाडावर मोजून एकोणीस फळे आली. खोऱ्यातल्या द्राक्षांचे आणि जर्दाळू, पीच अशा फळांचे नुकसान तर फारच मोठे होते.

झाड मात्र जगले. २०२५ च्या जुलैत अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे आले तेव्हा ते फळांनी वाकले होते. सामानात त्यांनी लोणच्याच्या बरण्यांबरोबर आपला रिफ्रॅक्टोमीटरही आणला होता, ज्याच्यावर ते घरी मण्यांची गोडी मोजतात. देठ धरून, मागची फळफांदी न मोडता चेरी कशी खुडायची हे मी त्यांना दाखवले, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच फांदीवर असतात. त्यांना ते एकदाच सांगावे लागले. मग ते झाडाभोवती फिरून वेगवेगळ्या जागची फळे तोडत, काचेवर एकेक थेंब पिळून डोळ्याला लावत राहिले. शेंड्याकडच्या फळांची गोडी वीस-एकवीस निघाली, दक्षिणेकडच्यांची एकोणीस, आणि आत, सावलीतल्यांची सोळा. "आतल्या दोन फांद्या काढ," ते म्हणाले, "ऊन जात नाही." फळे संपल्यावर ऑगस्टच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात, जखमेला जिवाणूंचा संसर्ग होऊ नये म्हणून पाऊस नसल्याची खात्री करून, मी त्या दोन्ही फांद्या बुंध्याजवळून कापल्या.